एका शिताचं वजन

सरकारच्या पगारावर मी सरकारशीच भांडते,
इलोइलोच्या न्यायालयात, दुसऱ्या मजल्यावर,
जिथला पंखा फक्त न्यायाधीशांकडे वळतो.
आज सतरा खटले. अकरावा आर्नुल्फो गुंबानचा,
राहणार हारो, धंदा ट्रायसिकल चालवणे,
पिवळा तुरुंगी सदरा, पायात दुसऱ्या कुणाच्या चपला.

पुरावा क्रमांक तीन:
बोटाच्या पेराएवढी प्लास्टिकची पुडी.
शाबू, शून्य दशांश शून्य दोन ग्रॅम.
बाजारातल्या सोनाराच्या काट्यावर
मी एकदा तांदळाचा एक दाणा ठेवून पाहिला होता.
तेवढंच भरलं.
शितावरून भाताची परीक्षा करावी
तशी यांनी माणसाची केली,
आणि शिक्षा, किमान, बारा वर्षं एक दिवस.
बारा वर्षांचं मी समजू शकते.
तो एक दिवस कुणी, काय विचार करून जोडला असेल?

खूण कुठे केलीत, साहेब?
जागेवरच.
कशावर टेकवून?
मोटरसायकलच्या सीटवर.
पेन कुठल्या रंगाचं?
काळं.
हा फोटो पाहा. अक्षरं निळी दिसतात.
(स्टेनोची बोटं थांबतात. पंखा वळतो.)
नऊला अटक, बाराला ठाण्यात नोंद.
मधले तीन तास पुडी कुठे होती?
माझ्या खिशात.
डाव्या की उजव्या?

तो आठवतो. छताकडे बघतो.
मी घाई करत नाही.
तीन तास ती पुडी एका माणसाच्या खिशात होती,
आणि खिशात असणं हाच तर इथे गुन्हा आहे.

साक्षीदार म्हणून आलेल्या कौन्सिलर बाई, मिसेस सोबरेविन्यास,
खरं बोलल्या, बहुधा चुकून:
सहीला बोलावलं तेव्हा यादी आधीच टाईप झालेली होती,
मुलाला ताप होता,
पुडी काही मी पाहिली नाही.

आर्नुल्फोला मी कधीच विचारलं नाही.
पहिल्या भेटीत तो सांगायला लागला,
मी हात वर केला: ते नको.
दिव्याचा खांब किती पावलांवर होता ते सांग.
त्याने पावलं मोजली, कोठडीतच,
भिंतीला लागून परत फिरत.

चार वर्षं लागली.
तेवढ्यात ट्रायसिकल मेव्हण्याने विकली,
मुलीचे दुधाचे दात पडून नवे आले,
आणि निळ्या शाईच्या जोरावर तो सुटला.
निकालपत्र तीन वेळा वाचायला लावलं त्याने मला.
संशयाचा फायदा, मी म्हटलं.
कसला फायदा, अटर्नी?
माझ्याकडे काही नव्हतं, असं कुठे लिहिलंय?
मी पानं उलटली. मला माहीत होतं ते कुठेच नाही.
सिद्ध झालं नाही, एवढंच लिहितात, मी म्हटलं.
आणि झालं असतं तर? असं त्याने विचारलं नाही.
मीही नाही.

फाटकाशी त्याची आई उभी होती,
पिशवीत इस्त्रीची पँट घेऊन.
पहारेकऱ्याच्या खोलीत त्याने कपडे बदलले.
बाहेर आला तो चाचपडत,
मांडीवरून हात घसरत होते, आत जात नव्हते.
सगळे खिसे तिने शिवून टाकले होते,
पुढचे दोन, मागचा एक,
सदऱ्याचासुद्धा, जाड दोऱ्याने,
जाळी विणणाऱ्यांसारख्या दुहेरी टाक्याने.

जीपनीच्या भाड्याची नाणी मी त्याच्या हातावर ठेवली.
ती कुठे ठेवावीत त्याला कळेना.
मूठ घट्ट मिटून तो चालू लागला,
कोपऱ्यावरच्या पोलीस चौकीजवळ आला
आणि जरा थांबून
मूठ उघडून, तळवा वर करून
पुढे गेला.